महापुराची जोखीम कोणाच्या खात्यावर?

पुरस्कर्ता : शिरोळ तालुक्यात महापूर हा अपवाद राहिलेला नाही, एवढे तरी आपण मान्य कराल. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचे पाणी ज्या तालुक्याच्या वाट्याला येते, तेथील माणसांच्या बोलण्यात 1989, 2005, 2019 आणि 2021 ही साले घरातल्या जन्ममृत्यूंच्या सालांसारखी येतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट असताना 2019 च्या ऑगस्टात पाणी 55 फुटांच्या वर चढले, आणि त्या चिखलाचा वास भिंतींतून पुरता जाण्यापूर्वीच, दोन वर्षांच्या अंतराने, ते पुन्हा तितकेच चढले. आणि तरीही आपला कारभार जसाच्या तसा आहे : पाणी उतरले की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी चिखल तुडवीत पंचनामे करावेत, त्यांवर पंचांच्या सह्या घ्याव्यात, याद्या तहसील कचेरीत जाव्यात, आणि मग शासनाच्या मर्जीप्रमाणे सानुग्रह अनुदान मिळावे. 2019 साली ग्रामीण भागातील कुटुंबास 10,000 आणि शहरी भागातील कुटुंबास 15,000 रुपये देण्यात आले आणि एक हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ झाले. ते झाले हे चांगलेच झाले, परंतु पुढच्या पुरात तेवढेच होईल, कमी होईल की काहीच होणार नाही, हे कोणा खातेदाराला आज सांगता येईल काय? अनुदान ही कृपा आहे. विमा हा करार आहे, आणि करारातील रकमेवर माणसाला मान वर करून हक्क सांगता येतो. पूरग्रस्ताला याचकाच्या रांगेतून काढून हक्कदाराच्या जागी उभे करायचे असेल, तर महापुराच्या विम्याखेरीज मला दुसरा मार्ग दिसत नाही.

संशयी : याचकाची रांग मलाही सहन होत नाही. परंतु विम्याचे शास्त्र ज्या पायावर उभे आहे तो पाया या भूमीत सापडतो की नाही, हे आधी पाहावे लागेल. विमा अनिश्चितावर चालतो. हजार घरांपैकी कोणत्या घराला आग लागेल हे ठाऊक नसते म्हणून हजारांनी थोडेथोडे द्यायचे आणि एकाचे पुष्कळ भरून काढायचे. येथे एकाच रात्री एकाच पाण्याने सगळा नदीकाठ बुडतो आणि टेकावरचा माणूस कोरडा राहतो. आणि कोण बुडणार, कोण कोरडा राहणार, हे दोघांनाही आजोबांच्या काळापासून माहीत आहे. कोरडा राहणारा हप्ता भरणार नाही, आणि बुडणाऱ्याने खरा हप्ता भरायचा म्हटले तर आपल्याच नुकसानीचे पैसे त्याने आपल्यालाच हप्त्याहप्त्याने देण्यासारखे ते होईल, वर कंपनीचा खर्च आणि नफा वेगळा.

शिवाय महापूर म्हणजे केवळ आपत्ती, असे आपण ज्या सहजतेने म्हणता तितक्या सहजतेने ते नदीकाठचा माणूस म्हणत नाही. मळीचे रान पुरानेच घडविलेले आहे. कृष्णाकाठच्या वांग्याची चव ज्या गाळातून येते तो गाळ कोणा कचेरीने वाटलेला नाही. नृसिंहवाडीला पाणी दत्तमंदिराच्या गाभाऱ्यात शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागले की त्या धारेखाली स्नान करण्यास लोक दुरून येतात, आणि पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात उंचावर नेऊन ठेवतात. पाण्याने कोठवर यावे आणि ते आले म्हणजे माणसाने काय करावे, याची एक पूर्वापार समजूत या तीरावर आहे, आणि ती कोणत्याही पॉलिसीच्या आधीची आहे.

पुरस्कर्ता : ती समजूत मला आदरणीय वाटते, आणि तिच्या जोरावर दक्षिणद्वारापर्यंतचे पाणी माणसाने पिढ्यान्‌पिढ्या सोसले, हेही खरे. परंतु 2019 चे पाणी त्या समजुतीच्या बाहेरचे होते. आठवडाभराहून अधिक काळ गावेच्या गावे पाण्याखाली होती. पांढऱ्या मातीची भिंत पाण्यात उभी असते तोवर उभी राहते. पाणी उतरले आणि ऊन पडले की ती आतून सुटते आणि बसते, म्हणजे घर पडते ते पूर ओसरल्यानंतर, जेव्हा बाहेरच्या जगाचे लक्ष उडालेले असते. उसाचेही तसेच. ऊस काही दिवस पाण्यात तग धरतो; परंतु शेंडा बुडाला, सुरळीत गाळ बसला, की शेंडा कुजतो, मग डोळे फुटून कांडीला पांगशा येतात, वजन जाते, उतारा जातो. उभा ऊस लांबून हिरवा दिसतो म्हणून पंचनाम्यात नुकसान कमी लागते, आणि कारखान्याच्या वजनकाट्यावर ते पुरते लागते. पूर्वापार समजूत सेवा सोसायटीचे कर्ज फेडीत नाही.

संशयी : आपण उसाचे नाव काढलेत ते बरे झाले. प्रधानमंत्री पीकविमा योजना 2016 पासून चालू आहे. खरिपाच्या अन्नधान्यास आणि गळितास दोन टक्के, नगदी पिकास पाच टक्के, असा शेतकऱ्याचा हिस्सा ठरलेला. 2023 पासून काही हंगाम महाराष्ट्राने तो एका रुपयावर आणला आणि पुढे ती सवलत काढूनही घेतली. या सबंध व्यवहारात शिरोळच्या नदीकाठाचे मुख्य पीक जे ऊस, ते महाराष्ट्राच्या अधिसूचित पिकांत नाही. सोयाबीन आहे, भुईमूग आहे. परंतु ज्या रानात पाणी शिरते त्या रानात प्रामुख्याने उभा असतो तो ऊस. म्हणजे जेथे जोखीम आहे तेथे विमा नाही.

बरे, जो सोयाबीन लावतो त्याचे काय होते, तेही पाहा. विम्याचे एकक महसूल मंडळ. मंडळात पीककापणी प्रयोग व्हायचे, त्यांची सरासरी उंबरठा उत्पन्नाशी ताडून पाहायची, आणि सरासरी खाली गेली तर भरपाई. आता ज्या मंडळात चार गावे नदीला लागून आणि बाकीची माळावर आहेत, तेथे नदीकाठचे पीक समूळ गेले तरी त्याच पावसाने माळाचे पीक उत्तम आलेले असते, आणि दोहोंची सरासरी कागदावर समाधानकारक निघते. स्थानिक आपत्ती म्हणून वैयक्तिक दावा करायचा, तर 72 तासांच्या आत पूर्वसूचना द्यावी लागे. ज्याची जनावरे दुसऱ्या गावच्या दावणीला, बायकामुले शाळेच्या वर्गखोलीत आणि सातबारा घरातल्या पेटीत पाण्याखाली, त्याने त्या तीन दिवसांत मोबाईलवर छायाचित्र काढून पाठवावे अशी अपेक्षा ज्यांनी केली, त्यांनी महापूर पाहिला असेल असे मला वाटत नाही.

पुरस्कर्ता : यांतील प्रत्येक दोष मी मान्य करतो, आणि म्हणूनच मी म्हणतो की मोजमाप शेतात करू नये, नदीवर करावे. ही कल्पना परकी नाही. म्हैसूर संस्थानात काम करणाऱ्या जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 साली शेतीविम्याची एक योजना ग्रंथरूपाने मांडली, आणि तिचा गाभा असा होता की प्रत्येकाच्या शेतातले नुकसान मोजीत बसण्यापेक्षा पर्जन्यमापकावरचा आकडा प्रमाण धरावा. पाऊस ठरलेल्या मर्यादेखाली गेला की त्या टापूतल्या सर्वांना ठरलेली रक्कम मिळावी. पंचनामा नको, तक्रार नको, वशिला नको. ती योजना दशकानुदशके कपाटात राहिली, आणि आज नागालँडसारख्या राज्याने पर्जन्यमानावर आधारलेले विमासंरक्षण घेतले तेव्हा ती नवी म्हणून वाखाणली गेली. पुरासाठी हेच करता येईल. नदीच्या पातळीचे मोजमाप आपल्याकडे आहेच. पाणी अमुक फुटांवर अमुक तास राहिले, की त्या रेषेखालच्या प्रत्येक खात्यावर आठवड्याच्या आत रक्कम जमा व्हावी. हप्ता ऊसबिलातून कापून घेण्याची सोयही तयारच आहे. सोसायटीचे कर्ज जसे कापले जाते तसा तोही कापता येईल.

आणि हप्त्याचा दुसराही एक उपयोग आहे, जो मला भरपाईइतकाच मोलाचा वाटतो. जलसंपदा खात्याने निळी आणि लाल पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, असे आपण म्हणतो, आणि ऐकणारा समजतो की एकदा येऊन गेला, आता पंचवीस वर्षे निर्धास्त. वस्तुतः तिचा अर्थ असा की दरवर्षी चार टक्के संभव. आणि दरवर्षीचे चार टक्के पंचवीस वर्षे जमत गेले की एकदा तरी पूर येण्याचा संभव 64 टक्क्यांवर जातो. शंभर वर्षांच्या लाल रेषेचेही असेच आहे : तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तिच्यापर्यंत पाणी येण्याचा संभव चारांत एकाहून थोडा अधिक आहे. हे गणित भाषणाने पटत नाही. दरवर्षी हप्त्याच्या रूपाने ते घरात आले की मग माणूस रेषेच्या आत नवे घर बांधण्यापूर्वी, नवी मोटार बसविण्यापूर्वी, थांबून विचार करील.

संशयी : हा प्रयोग अमेरिकेने केलेला आहे, आणि त्याचे फलित आपल्यासमोर आहे. 1965 च्या बेट्सी वादळानंतर खासगी कंपन्या पुराचा विमा उतरवीत नाहीत म्हणून 1968 साली तेथील केंद्र शासनाने स्वतः तो चालू केला. 1973 पासून पूररेषेत घर असेल आणि कर्ज हवे असेल तर विमा सक्तीचा झाला. हेतू आपलाच होता, की हप्त्याने सत्य सांगावे. परंतु खरा हप्ता लोकांना झेपेना म्हणून तो कमी ठेवला गेला. कमी हप्त्याने सखल जागेत घरे वाढली. तीच ती घरे पुन्हा पुन्हा बुडाली आणि पुन्हा पुन्हा भरपाई घेऊन त्याच जागी उभी राहिली. कत्रिनासारख्या वादळांनी योजना कर्जात बुडाली, 2017 साली तेथील काँग्रेसला त्यांतील 16 अब्ज डॉलर माफ करावे लागले, आणि तरी वीस अब्जांवर कर्ज शिल्लक राहिले. मग 2021 च्या ऑक्टोबरपासून प्रत्येक घराच्या खऱ्या जोखमीप्रमाणे दर लावण्यास आरंभ झाला, तेव्हा ज्यांना घर सोडणे शक्य नाही अशा अल्प उत्पन्नाच्या लोकांवर तो बोजा जाऊन पडला. हप्ता खोटा ठेवला तर योजना बुडते, खरा ठेवला तर गरीब बुडतो. या दोहोंमधून आपण कोणती वाट काढणार?

पुरस्कर्ता : त्याच देशात व्हालमेयर नावाचे गाव आहे. इलिनॉय राज्यातील मन्रो परगणा, शेतीवर जगणारा. मिसिसिपीच्या काठच्या सपाटीवर साधारण 900 वस्तीचे हे गाव. 1993 च्या महापुरात बांध फुटून ते बुडाले, आणि गावकऱ्यांनी एकत्र बसून ठरविले की आता येथे राहायचे नाही. शासनाने जुनी घरे विकत घेतली, दोन मैलांवरच्या टेकाडावर मक्याच्या शेतांत नवे गाव बसले. शेती खाली राहिली, घरे वर गेली. जोखीम स्पष्ट दिसली की माणसे असा निर्णय करू शकतात.

संशयी : करू शकतात, जर घर सोडण्याचा मोबदला हाती पडत असेल तर. व्हालमेयरला डोंगरावर नेले ते घरे विकत घेणाऱ्या शासनाच्या पैशाने. हप्ता वाढला म्हणून कोणी गाव हलविले नाही. आपल्याकडे पूरग्रस्तांना उंचावर भूखंड दिले जातात आणि ते ओस पडतात, तेव्हा आपण लोकांच्या जुन्या गावठाणावरील मोहाला दोष देतो. मोह आहेच, परंतु त्या भूखंडावर गोठ्याला जागा नसते, मळ्याकडे जाणारी वाट लांबते, आणि बांधकामाला पैसा नसतो. दोन म्हशींच्या दुधावर ज्या घराचा आठवडा चालतो, त्या घराने पहाटेच्या धारेसाठी टेकडी उतरून मैलोगणती यावे काय?

परंतु माझा खरा आक्षेप याहून खोल आहे. आपण ज्याला जोखीम म्हणता तिचा किती भाग दैवाचा आणि किती भाग कोणाच्या निर्णयाचा? कोयनेचा जलाशय 105 टीएमसींचा. तो जुलैच्या अखेरीस किती भरून ठेवायचा आणि किती मोकळा राखायचा, हे माणसे ठरवितात. खाली कर्नाटकात अलमट्टीची पातळी आज 519.60 मीटर, ती 524.256 मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा मनोदय आणि त्यास महाराष्ट्राचा विरोध. 2019 च्या पुराची चौकशी करणाऱ्या वडनेरे समितीने त्याचे मुख्य कारण म्हणून अलमट्टीकडे बोट दाखविले नाही, अतिवृष्टीवर आणि पात्रातील अडथळ्यांवर भर दिला, हे मी जाणतो. तरी ‘अडथळा’ म्हणजे तरी काय? शिरोलीपाशी महामार्गाचा भराव पंचगंगेच्या पाण्याला आडवा बसला आहे, तो पावसाने आणून टाकलेला नाही. पूररेषेच्या आत ज्यांना बिनशेतीचे परवाने मिळाले त्यांना ते कोणी तरी सही करून दिले. या सगळ्याचे पाणी शेवटी शिरोळच्या रानात येऊन थांबते, आणि आपण त्या रानाच्या धन्याला म्हणता, तुझी जमीन जोखमीची आहे, हप्ता भर. ज्याने जोखीम निर्माण केली त्याचे नाव विम्याच्या कागदावर कोठेच येत नाही.

(हा मुद्दा लेखकाला या सबंध वादाचा मर्मबिंदू वाटतो. पुराच्या चर्चेत निसर्गाचा कोप आणि शासनाचा दोष अशी दोन टोके आलटून पालटून पकडली जातात. एकाच पाण्यात दोहोंचा वाटा किती, याचा हिशेब मांडण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. तो मांडता येण्याजोगा आहे, कारण धरणांचे विसर्ग आणि नदीच्या पातळ्या तासातासाला नोंदल्या जातात.)

पुरस्कर्ता : आपल्या आक्षेपातच विम्याच्या बाजूचे एक बलवान प्रमाण आहे. विमा कंपनीने नुकसान भरून दिले की नुकसान करणाऱ्यावरचा दावा कायद्याने कंपनीकडे येतो. एकटा शेतकरी पाटबंधारे खात्याविरुद्ध उभा राहू शकत नाही. ज्या संस्थेला कोट्यवधी रुपये मोजावे लागले ती राहील, विसर्गाच्या नोंदी मागेल, जलाशय चालविण्याचे वेळापत्रक तपासेल. आणि मी एक पाऊल पुढे जातो. हप्ता खातेदाराने का भरावा? जलाशय काठोकाठ भरून ठेवल्याचा लाभ ज्यांना होतो, म्हणजे वीज आणि उन्हाळी सिंचन घेणाऱ्यांना, त्यांच्या आकारणीतून तालुक्याचा एकत्रित हप्ता भरला जावा. वरच्यांनी पाणी साठविण्याची किंमत खालच्यांच्या विम्यात मोजावी. मग हप्ता खराही राहील आणि गरिबावरही पडणार नाही.

संशयी : ही सूचना मला आवडली, आणि आवडली म्हणूनच तिच्यातली विसंगती दाखविणे माझे कर्तव्य आहे. आपण मघाशी म्हणालात की रक्कम नदीच्या पातळीवरून द्यावी, नुकसान मोजू नये, कारण विचारू नये. त्यामुळे ती लवकर पोहोचेल. आता म्हणता की कंपनीने नुकसान करणाऱ्याचा माग काढावा. ज्या कंपनीने कोणाचे किती नुकसान झाले हे मोजलेच नाही, ती कोणत्या रकमेचा दावा आणि कोणत्या पुराव्यावर करणार? जो विमा लवकर पैसा देतो तो कारण विचारीत नाही, आणि जो कारण विचारतो त्याच्या चौकशीला वर्षे लागतात. एकाच कागदात ही दोन्ही कामे बसतील असे मला दिसत नाही.

पातळीच्या मोजमापाचेही तितके सोपे नाही. राजाराम बंधारा वर कोल्हापूरला. पाणी थांबते खाली. कृष्णा दुथडी भरून चालली असेल तेव्हा पंचगंगेला तिच्यात शिरता येत नाही, पाण्याला फूग येते, आणि वर पातळी उतरू लागली तरी कुरुंदवाडच्या अंगाला, खिद्रापूरकडे, रानातले पाणी हलत नाही. कोणत्या बंधाऱ्याचा, कोणत्या पुलाचा आकडा प्रमाण धरणार? आकडा एक फूट चुकीच्या जागी ठरला तर सबंध गाव बुडूनही करारात कोरडे राहील, आणि तेव्हा पंचनाम्याच्या वेळी निदान ज्याच्याशी भांडता येत होते तो तलाठीही समोर नसेल.

पुरस्कर्ता : मोजण्याची ठिकाणे वाढविता येतील, प्रत्येक गावाच्या वेशीवर एक पट्टी रोवण्यास अफाट खर्च लागत नाही. परंतु आपली पहिली हरकत मी टाळू शकत नाही. ठीक आहे, मी दोन कामे वेगळी करतो. आठवड्यात मिळणारी रक्कम ही भरपाई नव्हेच, असे धरू. ती जनावर विकावे लागू नये, सावकाराच्या दारात जावे लागू नये, बेणे आणि पत्रे घेता यावेत एवढ्यापुरती. कारणाची चौकशी आणि उत्तरदायित्व हा स्वतंत्र व्यवहार. परंतु क्रम हाच असला पाहिजे. ज्याची म्हैस पंधरा दिवसांत विकली गेली, त्याला पाच वर्षांनी मिळालेल्या न्यायाचा उपयोग काय?

संशयी : आणि माझी भीती नेमकी त्या क्रमाची आहे. पहिली रक्कम वेळेवर आली की दुसरा प्रश्न विचारणारा उरणार नाही. पूरग्रस्त आज जो मोर्चा काढतो, धरणातून पाणी केव्हा सोडले याचा जाब मागतो, भराव काढून कमानी घाला म्हणतो, तो त्याच्या भिजलेल्या घराच्या बळावर. आठवड्यात खात्यावर पैसे जमा झाले, की शासन म्हणेल, करार पुरा झाला. शिवाय ते पैसे कोणाच्या खात्यावर? सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्याच्या. वाट्याने रान करणारा, ऊसतोड नसते तेव्हा भांगलणीवर जगणारी बाई, नदीकाठी भाड्याच्या खोलीत राहणारा यंत्रमाग कामगार, यांची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. अनुदानाच्या यादीत कुटुंब म्हणून त्यांतल्या काहींचे नाव तरी येत होते.

पुरस्कर्ता : तर मग विमा खातेदाराचा नको, कुटुंबाचा घ्या, शिधापत्रिका प्रमाण धरा. आणि विमापत्र शासनाच्या नावाने न काढता ग्रामपंचायतींच्या संघाच्या नावाने काढा, म्हणजे जाब मागण्याचा हक्क गावाकडे राहील. त्यात एक अट घाला, की प्रत्येक भरपाईसोबत त्या पंधरवड्यातील वरच्या सर्व धरणांचे तासागणिक विसर्ग आणि जलसाठे ग्रामसभेपुढे मांडलेच पाहिजेत. पैसा लवकर येईल, आणि प्रश्नही जिवंत राहील.

संशयी : ती अट ज्याच्यावर बंधनकारक व्हावी ते पाटबंधारे खाते त्या कराराचा पक्षकार नाही, आणि अलमट्टी चालविणारे राज्य तर मुळीच नाही. त्यांची सही त्या कागदावर कशी आणायची, ते सांगा. ती येत असेल तर माझा विरोध मी मागे घेतो.

पुरस्कर्ता : ती सही आज माझ्या हाती नाही. परंतु ती मिळेपर्यंत नदीकाठच्या कुटुंबाने प्रत्येक ऑगस्टला विनाविमा सामोरे जावे, हे मला कबूल नाही.

संशयी : आणि ती न मिळवताच हप्त्यांची वसुली सुरू व्हावी, हे मला.